चुकणाऱ्या पोरांचा खेळ

एका गुणाने मागे. घड्याळात चार सेकंद. फ्री थ्रोच्या रेषेवर माझा सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारा उंच गडी, उभा: उंची सहा फूट दहा इंच, खांदे बैलासारखे, हात मात्र दगडाचे. पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये एक छळवादी नियम आहे. अर्ध्या सामन्यात समोरच्या संघाचे सात फाउल झाले की तुम्हाला फ्री थ्रो, म्हणजे कुणी न अडवता चेंडू टाकायची संधी, मिळतो, पण दुसरा हवा असेल तर पहिला आत जायलाच हवा. याला ‘वन अँड वन’ म्हणतात. माझ्या पठ्ठ्याने पहिलाच हुकवला. चेंडू रिंगच्या कडेवर आपटून विरोधी संघाच्या हातात गेला आणि सामना संपला.

रूममेट सोफ्यावर आडवा पडून हसत होता. “अरे, ती एनबीएची सीडी पडलीय ना समोर? लेब्रॉन जेम्स घे, कोबी ब्रायंट घे. या ठोंब्यांसाठी कशाला जीव काढतोस?”

तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही. २००८-०९चा हिवाळा होता. अमेरिकेच्या मिडवेस्टमधलं एक कॉलेजचं गाव, बाहेर गुडघाभर बर्फ, आणि आमच्याआधी त्या घरात राहून गेलेल्या पोरांनी स्वस्तात विकलेला एक एक्सबॉक्स ३६०. त्यासोबत ‘कॉलेज हूप्स २के८’ नावाचा कॉलेज बास्केटबॉलचा व्हिडिओ गेम आला होता. पुण्याहून एमएस करायला आलेल्या माझ्यासारख्याला बास्केटबॉल म्हणजे शाळेच्या मैदानावरचं गंजलेलं रिंग एवढंच ठाऊक. तरी त्या खेळाने मला धरलं ते धरलंच. कमी दर्जाचे खेळाडू घेऊन खेळण्यात जास्त मजा कशी, हे रूममेटला जे तेव्हा सांगता आलं नाही ते आता सांगून बघतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. बास्केटबॉल जन्माला आला तोच शिक्षणसंस्थेत. जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने १८९१ साली मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला, हिवाळ्यात पोरांना आत कोंडून काहीतरी खेळायला द्यायचं म्हणून तो तयार केला. पुढे हेच गृहस्थ कॅन्सस विद्यापीठात गेले आणि तिथल्या संघाचे पहिले कोच झाले. (गंमत म्हणजे कॅन्ससच्या इतिहासात जिंकलेल्या सामन्यांपेक्षा हरलेले सामने जास्त असलेले कोच हे एकटेच. खेळ शोधणं वेगळं आणि जिंकणं वेगळं.) व्यावसायिक एनबीए सुरू झाली १९४६ साली. म्हणजे कॉलेजांनी पन्नासेक वर्षं आधीपासून या खेळाशी संसार मांडला होता. आजही एनबीएत संघ ३०, तर कॉलेजच्या वरच्या गटात, ज्याला ‘डिव्हिजन वन’ म्हणतात, तिथे ३६०च्या वर. त्यातल्या कित्येक गावांत दुसरा कुठला मोठा संघच नाही. कॉलेजचा संघ हाच गावाचा संघ.

ज्याने भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडकाच्या वेळी घसा फोडून ‘आव्वाज कुणाचा’ म्हटलंय, त्याला यापुढचं सांगायला नको. रंगमंचावरची पोरं व्यावसायिक नटांपेक्षा कच्ची असतात. कुणी वाक्य विसरतं, कुणाची एन्ट्री चुकते. दोन-तीन वर्षांत ती पोरं पास होऊन निघून जातात आणि नवी येतात. कॉलेजचं नाव तेवढं तेच राहतं, आणि घसा त्या नावासाठी बसतो. ड्यूक विद्यापीठाच्या कॅमेरॉन इनडोअर स्टेडियममध्ये जेमतेम ९,३१४ माणसं मावतात, पण विद्यार्थी मैदानाच्या इतके जवळ उभे असतात की पाहुण्या संघातल्या खेळाडूला चेंडू आत टाकताना त्यांचे हात पाठीला लागतील की काय असं वाटतं. तिकिटासाठी पोरं थंडीत आठवडेच्या आठवडे तंबू ठोकून राहतात. हे सगळं पडद्यावर आणायचं, तर खेळाला आधी एक गोष्ट जमली पाहिजे. खेळाडू चुकले पाहिजेत, आणि ज्याने त्याने आपापल्या पद्धतीने चुकलं पाहिजे.

आकड्यांचा माणूस

अशा खेळात प्रत्येक खेळाडूच्या मागे एक तक्ता असतो. जवळून टाकणं, लांबून टाकणं, फ्री थ्रो, पास, उडी, वेग, दम, बचाव, अशा गोष्टींना साधारण शून्य ते ९९ पर्यंतचे गुण. तुम्ही कंट्रोलरवर बटण दाबता तेव्हा खेळ पडद्याआड फासे टाकतो. फासे कसे पडतील हे त्या गुणांवर ठरतं, आणि मग त्यात भर-घट होते: बचाव करणारा किती जवळ आहे, खेळाडू दमलाय का, तुम्ही बटण योग्य क्षणी सोडलं का. दुसरा एक तक्ता सवयींचा असतो. हा डावीकडूनच घुसतो, तो चेंडू मिळाला रे मिळाला की फेकतो, तिसरा पास दिल्याशिवाय राहत नाही. गुण सांगतात खेळाडूला काय येतं, सवयी सांगतात तो काय करेल. दोन्ही जुळले की आकड्यांतून माणूस उभा राहतो.

एनबीएच्या खेळात या तक्त्यात भोकं कमी असतात. मैदानावरच्या पाचातल्या बहुतेकांना बरंच काही येतं, त्यामुळे बारा मिनिटांचे चार डाव तुम्ही तारे घेऊन उंडारू शकता. कॉलेजच्या संघात पाचातल्या दोघांना लांबून टाकताच येत नाही. एकाचा दम पंधराव्या मिनिटाला संपतो. एक पोरगा जबरदस्त आहे, पण पहिल्या वर्षाला आहे आणि बाहेरगावच्या गोंगाटात त्याचे हात कापतात. मग तुम्हाला विचार करावा लागतो. रूममेटला न कळलेली पहिली गोष्ट ही. चांगल्या खेळाडूंनी खेळताना अंगठे हुशार लागतात. अर्धवट खेळाडूंनी खेळताना डोकं लावावं लागतं.

उदाहरणच द्यायचं तर झोन बचाव घ्या. साध्या बचावात प्रत्येकाने आपला एक माणूस धरायचा. झोनमध्ये माणूस धरायचा नाही, जागा धरायची: दोघं पुढे, तिघं मागे, आणि आपल्या तुकड्यात जो येईल त्याला अडवायचं. समोरच्यांना लांबून टाकता येत नसेल तर हा बचाव गळफासासारखा आवळतो, कारण मधली वाट बंद होते. सिरॅक्यूज विद्यापीठाचे कोच जिम बोहाइम यांनी १९७६ ते २०२३ एवढी वर्षं एकाच ठिकाणी कोच म्हणून काढली, आणि २-३ झोन म्हणजे बोहाइम असं समीकरण झालं. २००३ साली त्यांनी राष्ट्रीय अजिंक्यपदही मिळवलं. चांगल्या कॉलेज-खेळात सिरॅक्यूजविरुद्ध खेळताना ती भिंत जाणवते. झोन कसा फोडायचा हे कोणी शिकवत नाही. फ्री थ्रोच्या रेषेजवळ मधोमध एक शहाणा पास देणारा उभा करायचा, मग भिंत आत कलते आणि कोपरे मोकळे होतात, हे मला सलग अकरा वेळा हरल्यावर उमगलं.

वेगाचंही तसंच. एनबीएत चेंडू हाती आल्यापासून २४ सेकंदांत टाकावा लागतो. कॉलेजात पुरुषांच्या सामन्यांना १९८५पर्यंत देशभर लागू होईल असं हे घड्याळच नव्हतं. आघाडी मिळाली की चार जण चार कोपऱ्यांत पसरवून चेंडू नुसता फिरवत बसायचा, ही नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचे कोच डीन स्मिथ यांची युक्ती प्रसिद्ध आहे आणि प्रेक्षकांना ती किती आवडत असेल हे सांगायला नको. मग ४५ सेकंदांचं घड्याळ आलं, १९९३ला ते ३५ झालं आणि २०१५ला ३०. तरीही कमकुवत संघाच्या हाती एक हत्यार उरतंच: सामना संथ करा.

संथ केल्याने काय होतं? एका कॉलेज सामन्यात प्रत्येक संघाला साधारण ७०च्या आसपास संधी मिळतात, एनबीएत आज त्या शंभराच्या घरात जातात. पिशवीत दहा सोंगट्या ठेवा, सहा काळ्या, चार पांढऱ्या. काळी बलवानाची, पांढरी दुबळ्याची. एकदाच सोंगटी काढून निकाल लावला तर दुबळा जिंकायची शक्यता ४० टक्के. काढलेली सोंगटी परत टाकत तीनपैकी दोन हव्यात असं ठरवलं तर ती ३५ टक्क्यांवर येते. सातपैकी चार हव्यात म्हटलं की साधारण २९. जितकी खेपांची संख्या वाढेल तितका बलवान सुरक्षित. एनबीएची बाद फेरी सात-सात सामन्यांची असते, म्हणून तिथे शेवटी बहुतेक वेळा राजाच राजा राहतो. कॉलेजची मार्चमधली स्पर्धा एका सामन्याची: हरलात की घरी. त्यात तो सामनाही कमी संधींचा असला, तर दुबळ्याला आणखी वाव.

१९९६चा मार्च बघा. आदल्या वर्षीचा विजेता यूसीएलए विरुद्ध प्रिन्स्टन. प्रिन्स्टनच्या पोरांना तिथे खेळण्यासाठी स्कॉलरशिपसुद्धा मिळत नाही. त्यांचे म्हातारे कोच पीट कॅरिल यांनी सामना इतका मंदावला की निकाल लागला ४३-४१. शेवटच्या काही सेकंदांत बचाव करणाऱ्याच्या पाठीमागून कापत जाऊन प्रिन्स्टनने विजयी टोला मारला. २०१८ला तर कहरच झाला. पहिल्या मानांकनाचा व्हर्जिनियाचा संघ सोळाव्या मानांकनाच्या यूएमबीसीकडून ७४-५४ असा हरला. पुरुषांच्या स्पर्धेत असं त्याआधी एकदाही घडलं नव्हतं. पुढच्याच वर्षी तोच व्हर्जिनिया अजिंक्य झाला.

आता खेळ बनवणाऱ्याच्या जागी बसा. असे उलटफेर व्हायला हवेत, पण रोज झाले तर त्यांना किंमत राहणार नाही. फासे फार मोकळे सोडले तर जुगार, फार आवळले तर हिशेबाची वही. ६८ संघांच्या स्पर्धेत पहिल्या चार प्राथमिक लढती वगळल्या तर विजेत्याला सलग सहा सामने जिंकावे लागतात. प्रत्येक सामना जिंकायची शक्यता ७० टक्के असलेल्या तगड्या संघाचीही सहाच्या सहा जिंकायची शक्यता जेमतेम १२ टक्के. खेळाने हे प्रमाण पाळलं की तुम्ही अख्खा हंगाम राब राब राबता आणि दुसऱ्याच सामन्यात कुठल्यातरी चिमुकल्या कॉलेजचा एक पोरगा तुम्हाला घरी पाठवतो. कंट्रोलर आपटावासा वाटतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावता.

चार वर्षांचा करार

माझ्या मते खरी ओढ सामन्यांची नाहीच. ती सामन्यांच्या मधल्या दिवसांची आहे.

या खेळात कोच म्हणून कारकीर्द करण्याचा एक प्रकार असतो. कुणी तुम्हाला लगेच ड्यूक किंवा कॅन्सस देत नाही. सुरुवात होते एखाद्या अशा कॉलेजपासून, ज्याचं गाव नकाशात शोधावं लागतं. तुमच्याकडे स्कॉलरशिप मोजक्या, त्या काळात संघामागे १३. देशभरातल्या शाळकरी पोरांची यादी समोर असते, पण त्यांचे खरे गुण झाकलेले. फोन करा, माणूस पाठवून खेळ बघा, घरी जा, मग थोडं थोडं धुकं हटतं. ज्याच्यामागे बड्या कॉलेजांची रांग आहे त्याच्यावर वेळ घालवायचा, की सहा फूट पाच इंचाच्या, अजून अंगाने न भरलेल्या, कुणीच न विचारलेल्या पोरावर डाव लावायचा? मुलांच्या स्थळासारखंच हे. ऐपत बघून पाऊल टाकावं लागतं.

मग तो येतो आणि पहिलं वर्ष बाकावर बसून काढतो. दुसऱ्या वर्षी दहा मिनिटं. तिसऱ्या वर्षी अचानक एका उन्हाळ्यात त्याचा लांबचा फटका ६१वरून ७४वर जातो आणि तुम्ही रात्री दीड वाजता एकटेच खुर्चीतून उठून उभे राहता. चौथ्या वर्षी तो संघाचा नायक असतो. आणि मग जातो. पदवी झाली, संपलं. एनबीएच्या खेळात तारा पंधरा वर्षं सांभाळता येतो. इथे जास्तीत जास्त चार, आणि फारच चांगला निघाला तर एकच. २००६पासून एनबीएने प्रवेशाला १९ वर्षांची अट लावली, म्हणून सर्वोत्तम पोरं एक वर्ष कॉलेजात काढून निघून जाऊ लागली. ‘कॉलेज हूप्स २के८’च्या वेष्टनावरचा ग्रेग ओडन असाच. ओहायो स्टेटकडून एक हंगाम खेळला, आणि खेळ दुकानात आला तेव्हा तो एनबीएत गेलेलाही होता.

म्हणजे प्रत्येक वर्षी घर अर्धं रिकामं होतं आणि तुम्ही पुन्हा मांडता. कुठलाही संघ कायमचा परिपूर्ण होत नाही. खेळ संपत नाही त्याचं कारण हेच.

ज्याला नाव नव्हतं तो

या सगळ्या वास्तवात एक मोठं सोंग होतं. कॉलेजचं नाव खरं, रंग खरे, मैदान खरं, गाणी खरी. ईए स्पोर्ट्स या गेम बनवणाऱ्या कंपनीच्या २००९मधल्या ‘एनसीएए बास्केटबॉल १०’मध्ये तर सीबीएस आणि ईएसपीएन या दोन्ही वाहिन्यांचं प्रक्षेपण, त्यांच्या समालोचकांच्या आवाजासकट होतं. फक्त खेळाडूंना नावं नव्हती. कॉलेजचे खेळाडू हौशी मानले जात. त्यांच्या नावावर कुणी पैसा कमवायचा नाही, असा एनसीएए या नियामक संस्थेचा नियम होता. मग पडद्यावर ‘फॉरवर्ड, क्रमांक अमुक’ असं यायचं. पण उंची तीच, वजन तेच, कातडीचा रंग तोच, डावखुरा असेल तर डावखुरा. अर्जुनाला बृहन्नडा म्हणावं, पण गांडीव खांद्यावर तसंच असू द्यावं, असला प्रकार.

आणि यात एक विचित्र विनोद होता. चार हंगाम खेळून झाले की खरे खेळाडू सगळे संपायचे आणि त्यांच्या जागी संगणकाने बनवलेली पोरं यायची. त्यांना मात्र नाव-आडनाव सगळं असायचं. जे जगात होते ते निनावी, जे कुठेच नव्हते त्यांना बारसं.

एड ओबॅनन हे नाव इथे येतं. १९९५ला यूसीएलएला अजिंक्यपद मिळवून देणारा हा डावखुरा खेळाडू, क्रमांक ३१. (पुढच्या वर्षी प्रिन्स्टनने हरवला तो हाच संघ, फक्त ओबॅनन त्यातून निघून गेला होता.) एनबीएत त्याची कारकीर्द छोटी ठरली, नंतर तो लास व्हेगासमध्ये मोटारविक्रीच्या धंद्यात लागला. एका मित्राच्या घरी त्या मित्राच्या मुलाने त्याला व्हिडिओ गेम दाखवला. त्यात यूसीएलएचा तो जुना संघ होता, आणि त्या संघात तोच डोक्याने टकला, डाव्या हाताने टाकणारा क्रमांक ३१. नाव नाही, आणि पैसाही नाही. २००९च्या जुलैमध्ये त्याने दावा लावला. २०१४च्या ऑगस्टमध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी एनसीएएच्या विरोधात निकाल दिला. खेळाडूंच्या या दाव्यांमध्ये ईए आणि परवाने देणारी कंपनी यांनी ४ कोटी डॉलरची, तर एनसीएएने आणखी २ कोटींची तडजोड केली.

बास्केटबॉलचे खेळ मात्र त्याआधीच आटले होते. २के कंपनीने आपली मालिका २००८च्या सुरुवातीला थांबवली, ईएने २०१०मध्ये. परवाने महाग आणि खप कॉलेज फुटबॉलच्या खेळाइतका कधीच नाही. दाव्यांनंतर ते फुटबॉलचं दुकानही २०१३मध्ये बंद झालं.

मग चाहत्यांनी एक काम केलं, ज्यासाठी मी त्यांना हात जोडतो. ‘कॉलेज हूप्स २के८’मध्ये खेळाडूंची नावं आणि गुण बदलता येतात. तेव्हा दरवर्षी हंगाम सुरू व्हायच्या सुमारास काही मंडळी बसून खऱ्या संघांतल्या नव्या पोरांची नावं, उंची, गुण हाताने भरू लागली. तीनशेच्या वर संघ, प्रत्येकात तेरा पोरं, म्हणजे चार हजारांच्या आसपास नोंदी. पगार नाही, कौतुक तुटपुंजं. जनगणनेला जाणाऱ्या शाळामास्तरांनाही निदान भत्ता मिळतो. २००७मधल्या खेळात तेव्हा शाळेतही न गेलेल्या पोरांपर्यंतचे चेहरे खेळले ते या लोकांमुळे.

दरम्यान कायदा फिरला. २०२१च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने एनसीएएविरुद्ध ९-० असा निकाल दिला, आणि १ जुलैपासून खेळाडूंना आपल्या नावावर आणि चेहऱ्यावर पैसे मिळवायची मुभा मिळाली. २०२४मध्ये ईएचा कॉलेज फुटबॉलचा खेळ अकरा वर्षांनी परतला, या वेळी खऱ्या नावांसह. संमती देणाऱ्या प्रत्येक खेळाडूला ६०० डॉलर आणि खेळाची एक प्रत असा सौदा होता, आणि दहा हजारांहून जास्त जणांनी तो घेतला. २०२५च्या उन्हाळ्यात ईएने कॉलेज बास्केटबॉलचा खेळही परत आणणार असं जाहीर केलं.

मला आनंद झाला आणि लगेच धास्तीही वाटली. ज्या कॉलेज बास्केटबॉलवर मी जीव टाकला ते आता तसं राहिलेलं नाही. २०१८पासून ‘ट्रान्स्फर पोर्टल’ आलंय: दुसऱ्या कॉलेजात जायची इच्छा असलेल्या खेळाडूने आपलं नाव त्यात टाकायचं. पूर्वी संघ बदलला की साधारण एक वर्ष बाहेर बसावं लागे, आता ती अट गेलीय. त्यात पैसा आला. बाकावर बसलेलं पोरगं तिसऱ्या वर्षाची वाट बघत थांबत नाही, आणि तयार झालेल्या पोराला बडं कॉलेज उचलून नेतं. खेळाडूंच्या बाजूने हे योग्यच झालं. इतकी वर्षं कोच हवा तेव्हा नोकरी बदलत होते आणि पोरं तेवढी बांधलेली होती. पण वास्तवाशी प्रामाणिक राहायचं तर नव्या खेळाला माझं ते ६१चं ७४ होणारं पोरगं दर उन्हाळ्यात माझ्या हातून निसटू द्यावं लागेल. न द्यावं तर खेळ खोटा.

रूममेट आता ऑस्टिनला असतो. ईएची घोषणा झाली त्या रात्री त्याचाच मेसेज आला: “ये रे ये, तुझे ठोंबे परत आले.” मी त्याला विचारलं, वन अँड वनला पहिला फ्री थ्रो कोणाकडून टाकून घेशील? त्याने लगेच उत्तर दिलं, “सेंटरला बाकावर बसवीन. तू तेव्हाच बसवायला हवा होतास.”